अशी कोणी इथं राहत नाही

मला जपानी येतं आणि मी जपान पाहिलेला नाही, ही दोन वाक्यं एका दमात सांगितली की लोक हसतात. गोंदियाजवळच्या कुडव्यातल्या माझ्या शेजारणी तर हटकून विचारतात, "फिर फायदा क्या हुआ, मॅडम?" फायदा हा, की माझं घर चालतं. सकाळी नऊला मी खिडकीपाशी कॉम्प्युटर उघडते आणि कुठल्या तरी यंत्राच्या पुस्तिकेतलं जपानी इंग्रजीत करून पाठवते. कोणता स्क्रू आधी ढिला करायचा, कोणता दिवा लाल झाला की हात लावायचा नाही, असलं सगळं. खाली भाजीवाला हिंदीत ओरडत असतो, समोरच्या घरी पोरांना शाळेसाठी दटावणं चालू असतं. दोन हजारांवर चित्राक्षरं डोक्यात कोंबली ती स्क्रू ढिला करायला नव्हे, असं रोज एकदा मनात येतं आणि मी पुढच्या पानाला लागते. मी जपानला का गेले नाही, हे प्रकरण मला गोड करून लिहिता येणार नाही. तसा प्रयत्न दोनदा केला, दोन्ही वेळा कागद फाडला.

आमचा टोला, म्हणजे वाडी, दरेकसा स्टेशनपासून पायी पाऊण तासावर. वीस-बावीस घरं, एक हापसा, एक मोठं मोहाचं झाड आणि चारी बाजूंनी डोंगर. आमच्याकडं घड्याळ होतं, पण ते कोणी बघत नसे. मालगाडी बोगद्यात शिरताना लांब शिट्टी द्यायची, त्यावर सगळं चालायचं. पहिल्या शिट्टीला माय मोहफुलं वेचायला निघायची, दुपारच्या शिट्टीला बाबूजी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसून भात खायचे. धानाच्या तीन बांधी, म्हणजे खाचरं, आमच्या स्वतःच्या, दोन ठेक्यानं घेतलेल्या. उन्हाळ्यात तेंदूपत्ता. जेवणात भात आणि लाखोरीची डाळ, पाहुणा आला तर तांदळाच्या पिठाचे चिले. टोल्यात मोबाईल एकच, शेजारच्या बुधरामकाकाचा, आणि त्यालाही रेंज मिळायची ती फक्त मोहाच्या झाडाखाली एका दगडावर उभं राहिलं तर. माझा फोन आला की काका दगडावरून हाक मारायचा, "अवो, पुण्याची पोरगी बोलून राहिली!" की माय हातातलं टाकून पळत यायची. पण फोन कानाला लावला की तिला काही सुचायचं नाही. "जेवली का?" एवढंच ती तीनदा विचारायची.

जपानीच काऊन, असं मला आजवर किती जणांनी विचारलं असेल! खरं उत्तर फार साधं आहे. बारावीला बरे गुण पडले, पुण्यात मुलींच्या हॉस्टेलला जागा मिळाली आणि कॉलेजात जपानीच्या वर्गात बाकं रिकामी होती. इतर विषयांच्या रांगेत मी तीन तास उभी राहिले, जपानीच्या रांगेत कोणीच नव्हतं. इतकंच. त्यात ना स्वप्न होतं ना ध्येय. प्रेम मागून जडलं, आणि ते का जडलं तेही सांगून टाकते. पुण्यात मी मराठी बोलायला तोंड उघडलं की वर्ग हसायचा. "मी जेवून राहिली" असं एकदा म्हटलं, तर पुढचे सहा महिने मुली एकमेकींना "अगं, मी झोपून राहिली, मी न्हाऊन राहिली" करत फिरत होत्या. पण जपानीच्या तासाला सगळ्याच मुक्या. सदाशिव पेठेतली रेवती जितकी परकी, तितकीच मी परकी. तिथं माझी जीभ कोणाहून वाकडी नव्हती. उलट आमच्या वयस्कर सेन्सेई, म्हणजे जपानीच्या बाई, म्हणायच्या, हिचे उच्चार स्वच्छ आहेत. उभ्या आयुष्यात माझ्या बोलण्याला कोणी स्वच्छ म्हटलं ते तेव्हाच. मग काय, मी झपाटल्यासारखी शिकले. बी.ए. झालं, एम.ए.ला आले तेव्हा वर्गात सातजणी उरल्या होत्या आणि माझा नंबर पहिला होता.

एम.ए.चं जपानी म्हणजे नमस्कार-चमत्कार नव्हेत. वर्तमानपत्रातले अग्रलेख, जुन्या वळणाचं गद्य, कंपनीची पत्रं. बोलताना समोरच्याला किती उंच चढवायचं आणि स्वतःच्या माणसांना किती खाली उतरवायचं, याचं सगळं शास्त्र. त्या शास्त्रात मी तरबेज झाले. सुट्टीत गावी आले तरी सराव सुटायचा नाही. वही संपली की मायच्या छुईच्या, भिंती सारवायच्या पांढऱ्या मातीच्या, भांड्यात बोट बुडवून मी मागच्या भिंतीवर अक्षरं काढायची. माय सारवायला आली की ती अक्षरं चुकवून सारवायची. एकदा एका अक्षरावर बोट ठेवून म्हणाली, "हे तं आपली बांधी आहे. हे चारी बाजूचे धुरे, अन् हे मधातले." चौकोनात फुली मारलेलं ते अक्षर खरंच धानाच्या बांधीचं होतं. माय एक दिवस शाळेत गेली नव्हती, आणि माझ्या वर्गातल्या मुलींना जे पाठ करावं लागलं ते तिला नुसतं बघून कळलं. मी तेव्हा हसले. तिला शाबासकी द्यायला हवी होती, ती दिली नाही.

आणि पुण्यात पहिल्याच वर्षी मी माझ्या गावाचं नाव घेणं सोडून दिलं होतं. कोणी विचारलं तर सांगायचे, नागपूर. वरच्या वर्गाला निबंध होता 'माझं गाव'. मी संत्र्याची बाग लिहिली, शिक्षक वडील लिहिले, संध्याकाळी पेटी वाजवणारी आई लिहिली. संत्र्याचं झाड मी तोवर डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. सेन्सेईंना तो निबंध इतका आवडला की त्यांनी तो वर्गात वाचून दाखवला. पुढं जपानच्या एका विद्यापीठात वर्षभर शिकायला आमच्या विभागातून एक मुलगी पाठवायची ठरली, तेव्हा अर्जासोबत मी तोच निबंध जोडला. जागा एकच होती. निवड माझी झाली. दुसऱ्या नंबरला रेवती होती. बाईंनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं. मी मनात म्हटलं, आता कोणी माझ्या 'राहिली'ला हसणार नाही. बाई म्हणाल्या, "महिन्याभरात पासपोर्टची प्रत दे. तिकडचे लोक तारखेला फार पक्के असतात."

हॉस्टेलच्या पत्त्याचा कागद वॉर्डन देईनात, म्हणून पासपोर्टच्या अर्जात मी आधारवरचा गावचा पत्ता टाकला. पोलीस चौकशी होते हे मला ठाऊक होतं. रेवतीचा पासपोर्ट आधीच झालेला होता. ती सांगायची, "काही नसतं गं. पोलीस घरी आला, आईनं चहा दिला, पोहे दिले, सही घेऊन गेला." मी ते ऐकलं आणि निर्धास्त झाले. घरी मात्र एका शब्दानं बोलले नाही. त्या दिवसांत बुधरामकाकाच्या फोनवर दोनदा बोलले, जेवल्याचं सांगितलं, परीक्षेचं सांगितलं, जपानचं सांगितलं नाही. पुण्याला जाताना मायनं तीन दिवस अन्न टाकलं होतं. जपान म्हटल्यावर ती रुळावरच जाऊन बसेल, असं मला वाटलं. म्हटलं, पासपोर्ट हातात पडू दे, मग सांगू. आज विचार करते तेव्हा ही भीती मला खरी वाटत नाही. खरं हे, की त्या जागेला मला गावाचा वास लागू द्यायचा नव्हता.

आता धनराजमामाचं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कोणाला समजणार नाही. धनराजमामा मायचा धाकटा भाऊ. मी चौथीत होते तेव्हा तो आमच्याकडंच राहायचा, बासरी वाजवायचा, मला खांद्यावर बसवून दरेकशाच्या बाजाराला न्यायचा. तेव्हा आमच्या डोंगरात रात्रंदिवस कोणी ना कोणी फिरत असे. आज खाकीवाले, उद्या जंगलातले दादालोक, म्हणजे नक्षलवादी. एके दिवशी खाकीतला एक जण आमच्या अंगणात आला आणि त्यानं धनराजचं नाव घेऊन विचारलं. मायनं सरळपणानं सांगितलं, "हो, माहा भाऊ आहे, इथंच राहते." वर हात करून खोली दाखवली. मामाला घेऊन गेले. कोणाच्या तरी सांगण्यावरून संशय होता म्हणे. चार दिवसांनी सोडला, पण परत आला तो अर्धाच. बासरी गेली, बोलणं गेलं. दारात सावली पडली तरी दचकायचा. महिन्याभरानं कामाला जातो म्हणून गाडीत बसला, तो कुठं गेला ते आजतागायत कळलं नाही. माय कितीतरी दिवस आपल्या उजव्या हाताकडं बघत बसायची, ज्या हातानं तिनं खोली दाखवली होती त्याच्याकडं. तेव्हापासून टोल्यात एक रीत पडली. ती कोणी कोणाला शिकवली नाही, पण सगळ्यांना पाठ. बाहेरचा माणूस कागद घेऊन आला आणि जवान पोराचं नाहीतर पोरीचं नाव घेतलं, की सांगायचं, नाई बा, अशी कोणी इथं राहत नाही. विचारणारा खाकी असो का दादालोकांतला, उत्तर एकच. ही रीत मला माहीत होती, मी त्याच अंगणात वाढले होते. तरी पुण्यात बसून मला चहा आणि पोहेच आठवले, मामा आठवला नाही.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मोबाईलवर निरोप आला. चौकशीचा अहवाल प्रतिकूल, दिलेल्या पत्त्यावर अर्जदार राहत नाही. मी ते तीनदा वाचलं. मग धावपळ, अर्ज, पुन्हा चौकशीची विनंती, खिडक्यांपुढच्या रांगा. पुन्हा चौकशी होणार होती, पण त्यांच्या वेळेनं. इकडं तारीख दारात येऊन उभी. बाईंपुढं मी रडले. त्यांनी अहवालाची नक्कल डोळ्यांपुढं धरली आणि म्हणाल्या, "अगं, यात तर तुझ्या आईचा अंगठा आहे. आपल्याला मुलगीच नाही असं सांगितलंय त्यांनी." शेजारच्या टेबलावरचा कारकून हसला. बाई म्हणाल्या, "आणि हा पत्ता? तू तर नागपूरची ना?" एवढी भाषा शिकलेली मी, मला एका भाषेत उत्तर देता आलं नाही. दोन दिवसांनी जागा रेवतीला गेली. ती मला मिठी मारून रडली, हे तिच्या चांगुलपणासाठी लिहून ठेवते. मला तेव्हा तिला ढकलून द्यावंसं वाटत होतं.

त्याच दिवशी गाडी धरली. गोंदियाला उतरले, लोकलगाडीनं दरेकसा, तिथून पायी. रणरणती दुपार होती. अंगणभर मोहफुलं वाळत घातलेली, त्यांचा तो गोड, जड वास. माय काडीनं फुलं हलवत होती. मला बघून उठली आणि तिच्या चेहऱ्यावर असा काही आनंद दिसला की तो मला आजही सहन होत नाही. "काऊन वो, वाळली किती! अन् खबर नाई, काई नाई!" म्हणत तिनं पाय धुवायला पाणी दिलं, भात वाढला, डाळ वाढली, कैरीची चटणी वाढली. मी घास घ्यायच्या आत माझ्याजवळ सरकून बसली आणि आवाज उतरवून सांगायला लागली.

"एक पोलीस आला होता तुले पुसत. साध्या कपड्यात होता, पण बूट तं पोलिसाचेच राहते ना! पहिले हापश्यावर पुसलं. बुधराम म्हणे, नाई बा, असं नावच नाई आमच्या टोल्यात. मग घरी आला. म्हणे, ये लडकी आपकी है क्या? फोटो दाखवला तुहा. मी म्हटलं, नाई साहेब. मले पोरगीच नाई." इथं ती हसली. तोंडावर पदर धरून, पोरीसारखी हसली. "अंगठा दे म्हणे, तं देला. मी का आता कच्ची आहो? धनराजच्या वख्ती चुकली, आता नाई चुकत. बाप्पा, लय घाबरली होती मी! पण बरोबर वाचवलं तुले. तू का केलं होतं वो तथी पुण्याले? मोर्चाबिर्चात गेली होती का?"

मी ताट सरकवलं. हे पुढचं मी लपवणार नाही. मी ओरडले. बुधरामकाका हापश्यावरून धावत आला, इतकी ओरडले. म्हटलं, "तू वाचवलं नाही, तू मला खाल्लं. मी जपानला चालले होते. त्याचा कागद होता तो. तुझ्या अंगठ्यानं गेलं सगळं." तिला आधी समजलंच नाही. जपान कुठं आहे, हे तिला ठाऊक नव्हतं. काकाला विचारलं, "ही का म्हणून राहिली गा?" काकानं सांगितलं, तशी ती मटकन मोहफुलांवरच बसली. म्हणाली, "मले का माहीत? तू सांगतली होती का? एक शब्द सांगतली असती तं मी त्याले पुऱ्या करून घातल्या असत्या." हे खरं होतं आणि खरं होतं म्हणूनच मी आणखी चिडले. म्हटलं, "तुला मुलगी नाही ना? मग नाहीच, समज." सालेकशाच्या बाजाराहून बाबूजी संध्याकाळी आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, टोपी खुंटीला लावली आणि म्हणाले, "मी घरी असतो तरी हेच सांगतलं असतं." त्या घरात त्या दिवशी कोणी जेवलं नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्या शिट्टीला मी निघाले. काकानं नेहमीसारखी माझी पेटी सायकलला बांधली आणि स्टेशनपर्यंत आणून सोडली.

पासपोर्ट नंतर आला, चार महिन्यांनी. कोरा आला आणि मुदत संपेपर्यंत कोराच राहिला. एम.ए. मी पुरं केलं, पण दुसरी झाले. रेवती तिकडून येताना माझ्यासाठी एका बाहुलीचं किचेन घेऊन आली. कुडव्याच्या घराची किल्ली आजही त्यालाच आहे, कारण दुसरं आणायला मी कधी गेले नाही. तिकडच्या एका कंपनीत ती मोठ्या हुद्द्यावर आहे. कधी कधी तिच्याच कंपनीची पुस्तिका माझ्याकडं येते, आणि मी स्क्रूचं भाषांतर करते. अशा लिखाणात शेवटी मी आईला माफ केलं असं लिहायची पद्धत आहे. मी केलं नाही. गाव माझ्याबद्दल एकदा खोटं बोललं, मी गावाबद्दल पाच वर्षं खोटं बोलत होते, हा हिशेब मला कळतो. कळून उपयोग झाला नाही. मी घरी जायची, पैसे द्यायची, औषधं आणायची, आणि मायशी कामापुरतं बोलायची.

पण मायचं काय झालं ते बघा. त्या उन्हाळ्यानंतर टोल्यात कोणीही कागद घेऊन आलं, की ती हातातलं काम टाकून आपणहून रस्त्यावर जायची. मीटर बघणारा असो, पोलिओवाल्या बाया असोत, मतदार यादीवाला मास्तर असो. त्यानं काही विचारायच्या आत सांगायची, "साहेब, मले एक पोरगी आहे. मनीषा नाव. पुण्याले शिकली, जपानी येते तिले. लिहा." घरपट्टीवाला म्हणायचा, अवो, मी घरपट्टीचं पुसून राहिलो. ती म्हणायची, ते असू द्या, हे पहिले लिहा. बुधरामकाकानं हे मला एकदा फोनवर सांगितलं आणि म्हणाला, "बाई, तू येऊन तिले एकदा म्हणून दे, का आता झालं. तुह्याच तोंडून ऐकन ती." मी म्हटलं, बघते. भिंतीवरची माझी अक्षरं तिनं शेवटपर्यंत सारवली नाहीत. छुई उडून गेली तशी तीच आपली बोटानं पुन्हा गिरवायची. सगळी वेडीवाकडी, तेवढी बांधी मात्र नीट.

शेवटच्या आजारपणात मी तिला गोंदियाच्या दवाखान्यात आणलं. खिडकीपाशी एक नर्स कागद भरत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "आजी, वय किती?" माय माझा हात धरून उभी होती. तिला धाप लागली होती, तरी खिडकीच्या गजाला धरून ती पुढं झाली आणि म्हणाली, "मले एक पोरगी आहे, बाई. मनीषा नाव. लिहून घ्या." नर्स वैतागून म्हणाली, "आजी, वय विचारलं मी." माय माझ्याकडं बघायला लागली, मी काही तरी म्हणेन म्हणून.

मी बाजूलाच उभी होते. मी म्हटलं, "पासष्ट."